कासिमअलीसाठी खुर्ची

काराकोल, १४ सप्टेंबर २००२

झूराकान,

फोन का करत नाहीस म्हणून पुन्हा विचारलंस. अगं, शेजारी जाऊन फोन कानाला लावला तरी मला काय ऐकू येणार? दोन्ही कान गेले ते गेले. माणूस समोर असला तर ओठ वाचते. फोनला ओठ कुठले आणायचे? तेव्हा लिहीतच जा, आणि अक्षर जरा मोठं काढ. लायब्ररीत कार्डं लिहून लिहून तुझं अक्षर मुंगीएवढं झालंय.

आता काम ऐक. मे महिन्यात घाटात ट्रक उलटल्यापासून माझा म्हातारा पलंगाला खिळलाय, ते तू पाहून गेलीसच. कंबरेखाली त्याला काही कळत नाही. परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असाच झोपून राहिला तर छाती भरेल. रोज तीन-चार तास बसवा. पण बाजारातल्या खुर्चीत नको." ज्याला दुखत नाही त्याची कातडी कुठे दबतेय हे त्याला समजत नाही, म्हणून खुर्ची त्याच्या अंगाच्या मापाने बनवलेली हवी. पाठ किती कलती, बैठक कुठे मऊ, कुठे टणक, सगळं ठरवून. इथे खोगीर शिवणारे गल्लोगल्ली आहेत, पण सगळ्यांनी हात जोडले. एक तर थोरल्या बहिणीशी बोलावं तसं म्हणाला, "एजे, मी घोड्याचं माप घेतो, कासिमअलीचं नाही."

बिश्केकमध्ये चांगला गादीकाम करणारा कारागीर शोध. आणि ऐक, नुसत्या गोड बोलण्याला भुलू नकोस. त्याचे दाखले बघ, शिक्के बघ. तीस वर्षं मी नोंदणी कचेरीत शिक्के मारले आहेत. ज्याच्याकडे कागद नाही त्याच्यावर माझा भरवसा नाही. म्हाताऱ्याची मापं मागच्या पानावर लिहिली आहेत. घोडी विकली आहे, त्यामुळे पैशाची काळजी करू नकोस.

सफरचंदं इस्मारच्या गाडीतून पाठवते. तोच आमचा दुंगान जमातीतला शेजारी, बिश्केकच्या फेऱ्या मारतो तो.

बुरुल

*

बिश्केक, ५ ऑक्टोबर २००२

बुरुल एजे,

सफरचंदं पोचली. घरभर वास सुटलाय.

दोन आठवडे दुसरं काही केलं नाही. बाजारामागच्या म्हाताऱ्या कारागिराकडे गेले, तर तो सकाळीच प्यालेला होता. त्याने दाखवलेला फोम बोटाने दाबला, तो दबला तो दबलाच. तिथून निघाले. मग मोठ्या रस्त्यावरच्या एका दुकानात गेले. एजे, तू असतीस तर खूश झाली असतीस. मेलिस नावाचा माणूस आहे, टाय लावून बसतो. मागच्या भिंतीवर काचेत लावलेले सात दाखले, मॉस्कोचे, इटलीचे, सोनेरी शिक्क्यांचे. त्याने तुझी मापं पाहिली, कागदावर झटझट चित्र काढलं आणि म्हणाला, "आजारी माणसांच्या खुर्च्या ही तर आमची खासियत."

मी विचारलं, "तुम्ही केलेली एखादी खुर्ची आतून बघायला मिळेल का?"

तो हसला. "एजे, खिम्याच्या मांत्या खायला बसलात की प्रत्येक मांती फोडून बघता का?"

दुकानातले सगळे हसले. मीही हसले.

अजून एका बाईचं नाव लोक घेतात. गॅरेजात काम करते, नाटकगृहाच्या खुर्च्या तिने केल्या म्हणतात. पण तिच्याकडे पाटी नाही, कागद नाही. तिकडे गेले नाही.

तर मेलिसलाच काम दिलंय. कापड द्राक्षाच्या दारूच्या रंगाचं, गडद लाल निवडलं. जेझ्देंना, म्हणजे तुझ्या म्हाताऱ्याला, आवडेल ना? नवऱ्याची आणि मेहुणीची आवड जुळली की बायकोला राग येतो, तेव्हा तुला नाही आवडलं तरी चालेल.

झूराकान

*

काराकोल, ९ नोव्हेंबर २००२

झूराकान,

खुर्ची आली! इस्मारने आणि त्याच्या भावाने आत आणली तेव्हा गल्लीतल्या चार बायका मागोमाग आल्या. एकीने तर हात धुऊन मग कापडाला हात लावला. म्हाताऱ्याला उचलून बसवलं. सहा महिन्यांनी तो खिडकीतून डोंगर बघत होता. मग ओठ हलले: "बर्फ खाली उतरलाय." एवढंच. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

आता रोज दोन तास बसतो. इस्मार त्याच्याशी पत्ते खेळायला येतो. दोघं लबाडी करतात आणि मला पंच नेमतात.

तुझे उपकार कसे फेडू?

बुरुल

*

काराकोल, २ डिसेंबर २००२

झूराकान,

काय पाहिलंस तू त्या दुकानात? मला सांग, काय पाहिलंस?

सोळा नोव्हेंबरला दुपारी म्हातारा इस्मारशी पत्ते खेळत बसला होता. हसत होता. दीड तासाने त्याला पलंगावर घ्यायला आम्ही दोघांनी उचलला, तर माझे हात ओले झाले. मला वाटलं लघवी झाली. हात वर करून बघते तो रक्त. कोपरापर्यंत रक्त, झूराकान! कापड लाल, म्हणून इतका वेळ कुणाला दिसलंच नाही. एक खिळा फळीतून निघून, फोम भेदून, त्याच्या मांडीत हाडापर्यंत गेला होता. आणि तो माणूस त्यावर बसून हसत होता. त्याला काही कळलंच नाही. इस्मार पांढराफटक पडला. म्हातारा आमच्या तोंडाकडे बघून विचारत होता, "काय झालं? कुणाला काय झालं?"

पंधरा दिवस हॉस्पिटलात होतो. ताप एकशे चारवर. सर्जनने दोनदा कापलं. म्हणाला, अजून दोन दिवस गेले असते तर पाय काढावा लागला असता, कदाचित माणूसही गेला असता. आता घरी आणलाय, पण नुसता हाडांचा सापळा राहिलाय.

घरी आले आणि भाजी चिरायच्या सुरीने मी ती खुर्ची फाडली. ऐक आत काय होतं. फळांच्या खोक्यांच्या फळ्या, त्यावर अजून टोमॅटोचं चित्र. नवारीचे पट्टे नाहीत, एक स्प्रिंग नाही. फोमचे तुकडे, हाताएवढे, चिकटपट्टीने जोडलेले. त्याखाली कुणाच्या तरी जुन्या कोटाचं अस्तर, बटणांसकट. आणि खिळे, वाकडे, गंजके, जिथे जागा मिळेल तिथे ठोकलेले. मी जमिनीवर बसून ते सगळं हातात घेऊन बघत राहिले. माझ्या नवऱ्याला मी यावर बसवलं होतं. रोज. हौसेने.

दाखले बघ असं मीच म्हणाले होते, मला माहीत आहे. पण तुला डोळे दिलेत ना देवाने?

उत्तर लिहायची घाई करू नकोस. तुझं पत्र फोडायची ताकद नाही मला.

बुरुल

*

बिश्केक, १२ डिसेंबर २००२

बुरुल एजे,

तरी लिहिते. फोडू नकोस, ठेवून दे, पण कधीतरी वाच.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी दुकानात गेले. मेलिस कॉफी पीत होता. मी ते पत्र त्याच्यासमोर मोठ्याने वाचलं. गिऱ्हाइकं ऐकत होती. खिळ्यापर्यंत आले तेव्हा एक बाई उठून बाहेर गेली.

तो म्हणाला, "वाहतुकीत हलली असेल."

मी म्हटलं, "टोमॅटोच्या फळ्या वाहतुकीत शिरल्या का?" मग भिंतीकडे बोट केलं. "आणि हे सात दाखले?"

तो खांदे उडवून म्हणाला, "दाखले खरे आहेत, एजे. माझे आहेत असं मी कधी म्हणालो?"

मी नीट वाचले. एजे, मी ग्रंथपाल आहे, आयुष्यभर वाचणं हाच धंदा, आणि त्या दिवशी मी फक्त शिक्के बघितले होते. सातांवर सात वेगवेगळी नावं. एक तर पावरोटी भाजण्याचा दाखला होता. मी पोलिसांत तक्रार दिली आहे. दुकानाला कुलूप लागलंय, पण त्याने तुझ्या घरात पुन्हा सुख येणार नाही, ते मला कळतं.

आता जे लिहिणार आहे ते तीन दिवस लिहून फाडतेय.

त्या गॅरेजातल्या बाईकडे मी गेले नाही असं लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. तिच्याकडे जायची मला गरजच नव्हती. तिचं काम मी नऊ वर्षं बघतेय. अख्ख्या बिश्केकमध्ये तिच्यासारखं गादीकाम कुणी करत नाही. माझ्या घरातली खुर्ची तिनेच बांधली आहे. तू तिच्यावर बसली आहेस, बसताना "काय गं आराम" म्हणाली आहेस.

एजे, ती सोनुन आहे. तुझी लेक.

तुम्ही समजता तशी ती रशियाला कधीच गेली नव्हती. त्र्याण्णवच्या ऑक्टोबरमध्ये सासरहून पळून माझ्या दारात आली. मनगट मोडलेलं, घरातल्या कपड्यांवर नुसता एक कोट. म्हणाली, माहेरी गेले होते, आईने उंबऱ्यातूनच सांगितलं की बाबांनी बजावलंय, लग्नासाठी पळवून नेलेली पोर परत आली तर घरात घ्यायची नाही. मला शपथ घातली की तुम्हा दोघांना सांगायचं नाही. लायब्ररीशेजारच्या नाटकगृहात एमा कार्लोव्हना नावाच्या जर्मन बाई खुर्च्यांचं काम करायच्या. त्यांनी तिला ठेवून घेतलं, शिकवलं, आणि जर्मनीला गेल्या तेव्हा स्वतःची हत्यारं तिला देऊन गेल्या.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा माझ्या मनात पहिलं नाव तिचंच आलं. पण मला भीती वाटली. जेझ्देंनी जिला दार बंद केलं तिच्या हातची खुर्ची ते घेतील का? त्यांना कळलं तर? आणि तिला सांगितलं तर ती काय म्हणेल? म्हणून मी सोपी वाट धरली, काचेतले दाखले बघून खूश झाले. माझ्या भित्रेपणाचा खिळा जेझ्देंच्या मांडीत गेला, एजे.

काल तिला सगळं सांगितलं. अपघातसुद्धा तिला माहीत नव्हता. तिने हातातलं हत्यार खाली ठेवलं. मग विचारलं, "वजन किती उरलंय? माकडहाडावर जखम आहे का?" मी म्हटलं माहीत नाही. "विचार," म्हणाली आणि पाठ फिरवून कामाला लागली.

जेझ्देंना तू कसं सांगशील ते सांग. त्यांचा राग शांत होईल का?

झूराकान

*

काराकोल, २२ डिसेंबर २००२

झूराकान,

तुझं पत्र मी गोठ्यात नेऊन वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना खाली बसावं लागलं. शेणात बसले ते नंतर कळलं.

जिवंत आहे. सात तासांच्या वाटेवर आहे. माझ्याच पोरीने बांधलेल्या खुर्चीवर मी बसले आणि मला काही कळलं नाही.

आता माझं ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

म्हाताऱ्याने तसं कधीच म्हटलं नव्हतं. त्या दिवशी तो घरातच नव्हता. कोळसा घेऊन नारीनला गेला होता. पोर दारात आली तेव्हा मी एकटी होते. डोळा सुजलेला, हात गळ्यात बांधलेला. "आई, मला आत घे," म्हणाली. आणि मीच म्हटलं, तुझ्या बाबांनी बजावलंय, परत जा. माझं स्वतःचं नाव घ्यायची हिंमत झाली नाही म्हणून त्याचं घेतलं.

का, असं तू विचारशील. तुला आठवतं ना, मलाही असंच पळवून आणलं होतं, अठराव्या वर्षी, इथे, याच म्हाताऱ्याने. म्हाताऱ्या बायकांनी डोक्यावर सुनेचा रुमाल टाकला. आपली आई आली आणि म्हणाली, आता इथेच बस. मी बसले. म्हाताऱ्याने कधी हात उगारला नाही, माझं निभलं. मला वाटलं हिचंही निभेल. लोक काय म्हणतील हेही होतं. आणि अजून एक होतं, ते आज पहिल्यांदा लिहितेय. मला तिचा राग आला होता. मी बसले, मग ही का नाही बसत? माझी एकुलती एक पोर, मोडक्या हाताची, आणि मला तिचा राग आला.

महिन्याने सासरचे भांडायला आले की सून पळाली. तेव्हा म्हाताऱ्याने मला विचारलं, इथे आली होती का? मी नाही म्हटलं. तो विचारायचा थांबेना, म्हणून एक दिवस सांगितलं की ती कुणाबरोबर तरी नोवोसिबिर्स्कला गेली म्हणे. वाटलं, रागावेल आणि विसरेल.

तो विसरला नाही. त्याने सायबेरियाची लांबची भाडी घ्यायला सुरुवात केली. मी म्हणायची, या वयात कशाला? तो म्हणायचा, पैसे बरे मिळतात. एकदा त्याच्या कोटाच्या खिशात तिचा शाळेतला फोटो सापडला. कडा झिजलेल्या, बोटांच्या ठशांनी काळा पडलेला. रस्त्यावरच्या खानावळीत तो लोकांना दाखवत हिंडत होता. सहा वर्षं, झूराकान. आणि मी त्याच्या डब्यात रोट्या बांधून देत होते.

हे सोनुनला सांगू नकोस. म्हाताऱ्याला मी सांगू शकत नाही. आत्ता कुठे ताप उतरलाय. खुर्ची तिच्याकडून करून घे, पण कुणी केली ते इकडे कळू देऊ नकोस. मापं तीच आहेत, थोडी कमी कर.

बुरुल

*

बिश्केक, ६ जानेवारी २००३

एजे,

नाही.

तुझं पत्र मी नऊ वेळा वाचलं. मग तू नको म्हणालीस तरी गॅरेजात जाऊन तिच्या हातात दिलं. तुला राग आला तर येऊ दे. मी एकदा भिऊन गप्प बसले, त्याचं काय झालं ते तूच फाडून बघितलंस.

ती एका दिवाणाची कड ठोकत होती. हे गादीकामवाले चुका, म्हणजे बारीक खिळे, तोंडात धरतात आणि एकेक काढून ठोकतात. तोंडात चुका असतानाच ती वाचत होती. दुसरं पान संपलं तेव्हा तिने जिभेने एकेक चूक पुढे आणली, बोटांनी काढली आणि टेबलावर ओळीत ठेवली. अकरा होत्या. मग म्हणाली, "बाबा नव्हते?"

मी म्हटलं, "नव्हते."

"घरात नव्हतेच?"

"नारीनला होते."

"मावशी, मी नऊ वर्षं त्यांना शिव्या दिल्या." आणि मग ती तिथेच, फोमच्या ढिगाऱ्यावर बसली. मला जवळ येऊ देईना. मी पाणी आणलं, ते तसंच राहिलं. तू माझी थोरली बहीण आहेस, आई गेल्यावर तू मला वाढवलंस, आणि मी तुला ओळखतच नव्हते की काय असं वाटत होतं. अजूनही वाटतंय.

शेवटी ती बोलली ते जसंच्या तसं लिहिते. "पत्रातल्या मापांवर मी खुर्ची करत नाही. मापं माणसाची असतात, ती माणसावरच घ्यावी लागतात. एका चुकीच्या बोटभर उंचवट्याने त्यांची कातडी पुन्हा फाटेल. त्यांना इथे आणा. आणि कुठे चाललोय, कुणाकडे चाललोय, हे त्यांना ठाऊक असल्याशिवाय आणू नका."

म्हणजे सांगावं तुलाच लागेल. पंधरा दिवस थांबते. नाहीतर मी येऊन सांगेन.

झूराकान

*

काराकोल, १९ जानेवारी २००३

झूराकान,

सांगितलं.

सकाळी चहा दिला, उशा लावल्या आणि समोर स्टुलावर बसले. सगळं सांगितलं, नारीनपासून नोवोसिबिर्स्कपर्यंत. मी थांबले तेव्हा त्याचे ओठ हलले: "जिवंत आहे?" मी म्हटलं, "जिवंत आहे. गादीकाम करते. बिश्केकमध्ये सगळ्यात चांगलं." त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. हसतोय की रडतोय कळेना.

मग त्याने भिंतीकडे तोंड केलं.

झूराकान, तुला ऐकू येतं, म्हणून तुला कळणार नाही. माझ्याकडे पाठ केली की तो माझ्यासाठी या जगात नसतो. तो भिंतीशी काही बोलत होता की नाही, तेही मला माहीत नाही. तीन दिवस मी त्याला भरवलं, कूस बदलली, पुसलं, आणि तीन दिवस त्याने ओठ दाखवले नाहीत. चौथ्या दिवशी वर्तमानपत्राच्या कडेवर पेन्सिलीने लिहिलं: इस्मारला बोलाव. गाडी मागून मोकळी करायला सांग.

मी विचारलं, मी येऊ का? त्याने त्याच ओळीखाली लिहिलं: नको.

उद्या निघतात. गाडीत तीन गाद्या घातल्यात. औषधं, मलम, ड्रेसिंग सगळं पिशवीत आहे, वेळा लिहून दिल्यात. इस्मार म्हणाला, "एजे, अंड्यासारखा नेईन." तुझ्या घरी राहील. त्याला मीठ कमी दे.

घर रिकामं आहे. मला तर तसंही काही ऐकू येत नाही, तरी वाटतंय की आवाज बंद झालाय.

बुरुल

*

बिश्केक, २ फेब्रुवारी २००३

एजे,

जेझ्दे ठीक आहेत. जेवतात. माझ्या मुलाबाळांना ट्रकच्या गोष्टी सांगतात, त्यातल्या निम्म्या थापा आहेत.

गॅरेजात इस्मारने त्यांना पाठुंगळीच नेलं. सोनुन गळ्यात टेप घालून उभी होती. नमस्कार नाही, काही नाही. जाड लोकर घातलेल्या एका बाकाकडे तिने बोट केलं. "इथे बसवा. मागून धरून ठेवा." मग मापं घ्यायला लागली. खांदा, बगल, मांडी, गुडघ्यापासून टाच. पाच पानं भरली. जेझ्दे तिच्या डोक्याकडे बघत होते, ती टेपकडे बघत होती. ती म्हणाली, "डावा खुबा बोटभर वर आलाय. आधी नव्हता."

जेझ्दे म्हणाले, "पोरी, इतकी मापं तर कफनाचीही घेत नाहीत."

ती हसली. खरंच हसली, एजे, मग हसता हसता तिची टेप खाली पडली आणि ती त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून बसली. त्यांना गुडघ्यांवर काही कळत नाही. ते म्हणाले, "वर ये, तिथे मला तू लागत नाहीस." तेव्हा ती उठून त्यांच्या छातीला बिलगली. इस्मार तोंड फिरवून मिशा पुसत होता.

"प्रत्येक खानावळीत तुझा फोटो दाखवला," जेझ्दे म्हणाले. "एकाने तर ही माझी मेहुणी आहे सांगून माझ्याकडून जेवण उकळलं."

"मी इथेच होते, बाबा."

"हो. मी रस्ताच चुकीचा धरला."

मग तिने डोळे पुसले आणि उरलेलं माप घेतलं.

खुर्ची कशी करते ते बघायला मी रोज जाते. आधी नवारीचे पट्टे, एकाखालून एक विणलेले, ताणून बघितलेले. त्यावर स्प्रिंगा, प्रत्येक आठ गाठींनी बांधलेली. मग घोड्याच्या आयाळीचे केस, मग फोमचे तीन थर, वेगवेगळ्या मऊपणाचे. जिथे हाड टेकतं तिथे खळगा. पाच वेळा त्यांना बसवलं. अर्ध्या तासाने उठवून कातडी आरशात बघते, लाल डाग दिसला की सगळं उसवून पुन्हा. मी म्हटलं, किती वेळा उसवशील? म्हणाली, "डाग दिसायचा थांबेपर्यंत."

तुझ्याबद्दल ती काही बोलत नाही. मीही विचारलेलं नाही. जेझ्देही बोलत नाहीत, पण काल म्हणाले, "बुरुलने औषधाच्या वेळा लाल शाईने लिहिल्यात, चष्मा नसतानाही दिसतात."

आपल्या दोघींचं काय, ते मला अजून कळलेलं नाही. पण लिहीत राहीन.

झूराकान

*

बिश्केक, १६ फेब्रुवारी २००३

बुरुलबाईंना,

खुर्ची उद्या इस्मारच्या गाडीतून निघेल. बाबाही येतील. परत यायचं त्यांनी स्वतः ठरवलं आहे. पुढचं ते तुमच्याशी स्वतःच बोलतील.

काही गोष्टी लक्षात ठेवा. पहिला आठवडा एका वेळी एकच तास बसवा, मग दोन. दोनच्या वर नाही. दर अर्ध्या तासाने बगलेत हात घालून त्यांना दोन मिनिटं उचलून धरा. एकटीने उचलू नका, तुमची कंबर जाईल. पलंगावर घेतल्यावर मांड्या, कुल्ले आणि माकडहाड आरशात बघा. लाल डाग वीस मिनिटांत गेला नाही तर त्या दिवशी पुन्हा बसवू नका आणि मला कळवा. कापड फिक्कं राखी घेतलं आहे, काही लागलं तर लगेच दिसेल.

पाठीमागचं कापड शिवलेलं नाही, दोरीने ओवलेलं आहे. गाठ सोडली की आतलं सगळं दिसतं, पट्टे, स्प्रिंगा, गाठी. महिन्यातून एकदा उघडून हात घालून बघा. माझं काम आहे म्हणून विश्वास ठेवू नका. बघा.

माझ्याकडे दाखला नाही. हवा असेल तर एमा कार्लोव्हनांचा पत्ता देते, त्यांना लिहून विचारा.

तुमचं मावशीला लिहिलेलं पत्र माझ्याजवळ आहे. ते परत देणार नाही.

एक विचारायचं आहे. त्या दिवशी तुम्ही मला दारातून परत पाठवलं तेव्हा आत जाऊन एक रोटी आणलीत आणि माझ्या कोटाच्या खिशात घातलीत. गरम होती, भट्टीतून नुकतीच काढलेली. मी ती ओढ्याकाठी बसून खाल्ली, कारण भूक लागली होती. हे मी मावशीला सांगितलं नाही, बाबांनाही नाही. घालवायचंच होतं तर रोटी का दिलीत, हे मला इतक्या वर्षांत समजलेलं नाही. त्याचं उत्तर लिहा. बाबांच्या नावाने नाही, तुमच्या नावाने.

मला अजून 'आई' असं लिहिता येत नाही. पण पत्र आलं तर मी फोडेन.

सोनुन